खोटी ठरवलेली इम्पाला

ट्रॅव्हर्स सिटी, मिशिगन
९ मार्च २००८

प्रिय व्हर्लिन,

नेडीनला जाऊन दोन महिने झाले. दफनाच्या दिवशी तू माझ्याशी बोलला नाहीस. चर्चच्या तळघरात बायकांनी जेवण मांडलं तेव्हा तू ताट घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन बसलास. मी म्हटलं, बायको गेलेल्या माणसाला कुणी काही म्हणू नये. पण ती तुझी बायको होती तशी माझी बहीणही होती. आता आपण दोघेच उरलो, तर पुन्हा बोलायला सुरुवात करावी असं वाटतं. फोन केला की तू ठेवून देतोस, म्हणून पत्र.

दुसरं एक काम आहे. आपल्या फ्लिंटच्या जुन्या शेव्हरोले गाड्यांच्या मंडळाला या वर्षी वीस वर्षं होतात. पहिला अध्यक्ष मी, म्हणून इम्पालाच्या इतिहासावर छोटी पुस्तिका लिहायचं माझ्याकडे आलं आहे. सन, आकडे, इंजिनं हे सगळं पुस्तकांत मिळतं. पण ती गाडी हातांनी बांधणारी माणसं आता फार उरली नाहीत. तू फ्लिंटच्या कारखान्यात अठ्ठावन्नपासून सीटा बसवल्यास. जे आठवेल ते लिही.

आणि हो, प्रत्येक गाडीबरोबर लाइनवर एक बांधणीचा कागद फिरायचा ना? कोणता रंग, कोणत्या सीटा, कोणतं इंजिन, सगळं त्यात असायचं म्हणे. तो शेवटी गाडीत कुठेतरी खुपसून द्यायचे असं ऐकलं आहे. नेमका कुठे? पुस्तिकेत तेवढं घातलं तर वाचकांना रस वाटेल.

तुझा,
एमेट कॉइल


फ्लिंट, मिशिगन
१७ मार्च २००८

एमेट,

तुझं पत्र पोस्टमनने शेजारच्या घरात टाकलं. शेजारीण चार दिवसांनी घेऊन आली, म्हणून उत्तराला उशीर. तुला वाटेल म्हाताऱ्याने मुद्दाम ताटकळत ठेवलं. मुद्दामही ठेवलं असतं, पण या वेळी तसं नाही.

मी आठवीतून शाळा सोडून मिझुरीत कापूस वेचायला लागलेला माणूस, तू टंकलेखन शिकवणारा मास्तर. माझ्या चुका दिसल्या तर लाल पेन्सिल घेऊ नकोस. तू एकदा माझी चूक काढलीस तेवढी मला जन्माला पुरली.

इतिहास हवा तर घे. अठ्ठावन्नला इम्पाला आली तेव्हा ती वेगळी गाडी नव्हतीच, बेल एअरचाच सगळ्यात नटवलेला प्रकार होता. मागे एकेका बाजूला तीन-तीन दिवे. त्याच वर्षी मी लाइनवर लागलो. एकोणसाठला ती स्वतःच्या नावाने सुटी झाली, मागच्या पत्र्याचे पंख आडवे पसरले आणि दिवे मांजरीच्या डोळ्यांसारखे झाले. माझ्या शेजारी स्टास नावाचा पोलिश म्हातारा सीटांत कापूस भरायचा. तो म्हणायचा, "हिने ब्रेक लावला की मागच्याला वाटतं, आपली सासू वळून बघतेय." साठला दिवे पुन्हा गोल झाले. एकसष्टला पंख छाटले आणि तिचीच वेगवान बहीण, सुपर स्पोर्ट, आली. आधी मोजक्याच निघाल्या, पण दोन वर्षांत ज्याला त्याला सुपर स्पोर्टच पाहिजे. पुढे दोन वेगळ्या बकेट सीटा, मधे गिअरचा कठडा. आम्हा सीटवाल्यांना ती लांबून ओळखू यायची, कारण तिच्यासाठी पुढचं लांबडं बाक उचलावं लागायचं नाही. पाठ वाचायची. पासष्टला तर एका वर्षात दहा लाखांवर इम्पाला खपल्या. तेव्हा आमच्या पाठी वाचल्या नाहीत.

आमच्या लाइनवर एक रीत होती, ती तुझ्या पुस्तकांत नसेल. आपल्यातल्या कुणी स्वतःसाठी गाडी मागवली असली आणि ती पट्ट्यावरून येताना दिसली, की पहिला माणूस शीळ घालायचा. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. शीळ गाडीच्या पुढे पुढे धावायची. त्या गाडीचा प्रत्येक बोल्ट दोनदा आवळला जायचा. फोरमन दुसरीकडे बघायचा.

माझी आली एकवीस फेब्रुवारी त्रेसष्टला, सकाळच्या पाळीत. निळसर हिरवी, दोन दारांची, सुपर स्पोर्ट. सीटा मी स्वतः बसवल्या. कागद मी स्वतः आत ठेवला. कुठे ते सांगत नाही. तू का विचारतोस ते आधी सांग.

आणि पुस्तिकेत एकोणनव्वदचा ऑगस्टही घालणार आहेस का? घालणार नसशील तर मी आठवण देतो. मंडळाचं दुसरंच प्रदर्शन. नदीकाठच्या बागेत साठ-सत्तर गाड्या. अध्यक्ष एमेट कॉइल हातात फळी घेऊन परीक्षण करतायत. माझ्या गाडीचं दार उघडून बिजागरीजवळच्या पट्टीवरचा नंबर वाचलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "सुपर स्पोर्टच्या नंबरात चौदा पाहिजे, इथे अठरा आहे. ही साधी इम्पाला आहे. कुणीतरी नंतर बकेट सीटा आणि पट्ट्या बसवून सुपर स्पोर्ट बनवली आहे." कुणीतरी! गाडी पहिल्या दिवसापासून माझ्याकडे. म्हणजे कुणीतरी म्हणजे मीच. सव्वीस वर्षं चालवलेली गाडी तू शंभर माणसांत बनावट ठरवलीस, आणि मला बनवेगिरी करणारा.

सोमवारी कारखान्यात गेलो तर जेवणाच्या टेबलावर एक जण म्हणाला, "काय स्ट्राउड, बायको तरी कारखान्यातूनच आलीय ना, की तीही नंतर जोडलीस?" सगळे हसले. ते हसणं निवृत्तीपर्यंत संपलं नाही. गाडी मी दोन वर्षांत विकून टाकली, सॅगिनॉच्या एका दलालाला. तिच्याकडे बघवत नव्हतं.

हा झाला इम्पालाचा इतिहास. टंकून घे.

व्हर्लिन स्ट्राउड


ट्रॅव्हर्स सिटी
२ एप्रिल २००८

प्रिय व्हर्लिन,

शीळ घालण्याची हकिगत फार सुरेख आहे, ती नक्की घेणार. स्टासचा विनोदही.

एकोणनव्वदबद्दल काय सांगू? मी नियमाने गेलो. स्वतःच्या मेहुण्याला सवलत दिली असती तर लोकांनी मंडळच मोडीत काढलं असतं. मला वैर करायचं नव्हतं. एकोणीस वर्षं झाली, व्हर्लिन. नेडीनला हे असं चाललेलं आवडलं नसतं.

कागदाबद्दल का विचारतो तेही सांगतो. अल्पीना गावात एका गृहस्थांकडे त्रेसष्टची सुपर स्पोर्ट आहे, फ्लिंटमध्येच बांधलेली. आतली एकही शिवण उसवलेली नाही, अगदी कारखान्यातून निघाली तशी. फ्लिंटमधलं एक संग्रहालय कामगारांनी बांधलेल्या गाड्यांचं दालन काढतंय, त्यांना तशी एक हवी आहे. पण ती खरी सुपर स्पोर्ट असल्याचा कागद पाहिजे. गृहस्थांनी सीटांच्या खालून विजेरी लावून पाहिलं, नुसतं तरट दिसतं. तू कागद कुठे ठेवायचास ते कळलं तर त्यांना मदत होईल.

मुखपृष्ठासाठी त्यांच्या गाडीचा आतला एक फोटो घेतला आहे. तुला आवडेल म्हणून एक प्रत पाठवतो.

तुझा,
एमेट


फ्लिंट
९ एप्रिल २००८

एमेट,

फोटो मिळाला. मी तो खिडकीत नेला, मग दिव्याखाली नेला, मग नेडीनचं शिवणकामाचं भिंग काढलं. रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली. दुपारी आठवलं तेव्हा घेतली, मग वाटलं सकाळीही घेतली होती की काय. माझं काही झालं तर तुझ्या फोटोने झालं असं समज.

ड्रायव्हरच्या बाजूची काच खालीवर करायच्या दांड्याची मूठ पांढरी आहे. त्रेसष्टला ती पांढरी येत नव्हती. नेडीन पहिल्याच हिवाळ्यात गोठलेली काच जोर लावून फिरवायला गेली आणि मूठ मोडली. मी मोडीतल्या एकोणसाठच्या गाडीची काढून बसवली. ती म्हणाली, "असू दे, अंधारात सापडेल." मी तिला पुढे दहा वर्षं म्हणत होतो, बदलू. बदलली नाही.

अल्पीनाचे गृहस्थ म्हणे! सॅगिनॉच्या दलालाकडून माझी गाडी तू घेतलीस. किती वर्षं ती तुझ्या गॅरेजात आहे? आम्ही ख्रिसमसला तुझ्याकडे आलो, तू आम्हाला पुढच्या दाराने आत घेतलंस, मी हॅमच्या फोडी खाल्ल्या, आणि भिंतीपलीकडे माझी गाडी उभी! नेडीनला ठाऊक होतं का? हे एवढं एक खरं सांग. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही.

आता दुसरी गोष्ट ऐक. मी आठवी नापास असलो तरी वाचता येतं. तुझी मंडळाची पत्रिका नेडीनकडे यायची. ती टाकायची नाही, मी कापायचो. शहाण्णवच्या वसंतातल्या अंकातलं एक कात्रण या वेळी समोर ठेवून लिहितो आहे. लेखक एमेट कॉइल. "सुपर स्पोर्टला स्वतःचा वेगळा नंबर चौसष्ट साली मिळाला, तेव्हा चौदा आला. त्रेसष्टला साध्या इम्पालाचा आणि सुपर स्पोर्टचा नंबर एकच, अठरा. नंबरावरून त्रेसष्टची गाडी खरी की खोटी हे कळतच नाही. नवख्यांनी ही चूक करू नये."

नवख्यांनी! तुझी स्वतःची गाडी चौसष्टची. तिचा नियम तू माझ्या त्रेसष्टला लावलास. ती चूक होती म्हणू. पण शहाण्णवला तुला कळलं होतं, अक्षरात छापलंस, आणि माझ्याकडे आला नाहीस. नाहीतर मग गाडी विकत घेतलीस तेव्हाच कळलं होतं. माझ्यासाठी खोटी, तुझ्यासाठी खरी, असंच ना?

आता तुझी गाडी खरी ठरवायला तुला कागद पाहिजे, आणि कागद कुठे आहे ते जगात मला एकट्याला ठाऊक आहे. मी छान झोपणार आहे आज.

व्हर्लिन


ट्रॅव्हर्स सिटी
२५ मे २००८

व्हर्लिन,

दीड महिना मी हे पत्र लिहायचा प्रयत्न करतो आहे.

गाडी माझ्याकडे आहे. एक्क्याण्णवच्या नोव्हेंबरपासून. नेडीनला ठाऊक नव्हतं, शपथ घेऊन सांगतो. तुम्ही यायचात तेव्हा मी तिच्यावर ताडपत्री आणि वर लाकडाच्या फळ्या रचायचो.

नंबराची चूक मला नव्वदच्या हिवाळ्यात कळली. ओहायोच्या एका माणसाने आपल्या त्रेसष्टचा कागद दाखवला, त्यात अठराच होतं. मी तेव्हाच तुझ्याकडे यायला हवं होतं. गाडीत बसून निघालोही होतो, ओवोसोपर्यंत, तुझ्यापासून अर्ध्या तासावर आलो आणि परत वळलो. अध्यक्ष होऊन दोनच वर्षं झाली होती. त्या मंडळापलीकडे मला आयुष्यात कुणी काही म्हणत नव्हतं, व्हर्लिन. शाळेत मी टकटक शिकवणारा मास्तर होतो. मग कळलं की तू गाडी विकून टाकलीस. ती कुणा पोराच्या हातात जाऊन कापली जाऊ नये म्हणून घेतली. नंतर रोज वाटायचं, उद्या सांगू.

मूठ पांढरी आहे म्हणून परीक्षणात गुण कापले जातात हे मला ठाऊक आहे. मी ती बदलली नाही. यावरून तुला काय समजायचं ते समज.

मला माफीचं पत्र लिहायला सांग, लिहितो. खाजगीत काय म्हणशील ते. पण मंडळासमोर नको. सत्तर वर्षांचा झालो. जी माणसं मला मानतात ती तेवढीच आहेत. आणि एक तूही ध्यानात घे: तुझ्याकडे कागद नसेल तर तू काय सांगतोस त्याला पुरावा नाही. शब्दाला शब्द.

एमेट


फ्लिंट
२ जून २००८

एमेट,

पुरावा नाही म्हणतोस. बरं.

एकोणनव्वदच्या त्या शनिवारी बागेतून घरी आलो तेव्हा मी चिमटा शोधत होतो. सीटवाल्याचा, आवरणाच्या तारेच्या रिंगा आवळायचा. नेडीनने विचारलं, "काय करतोस?" मी म्हटलं, "सीट उघडतो. कागद काढतो आणि तुझ्या भावाच्या तोंडावर फेकतो. अजून सगळे तिथेच हॉटडॉग खातायत." ती गॅरेजच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "व्हर्लिन, त्याचं दुसरंच वर्ष आहे. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी खुर्ची दिली आहे. सगळ्यांसमोर त्याला उताणा पाडू नकोस. माझ्यासाठी." मी चिमटा ठेवला. तीस वर्षं बायकोने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, मागितलं ते हे.

म्हणजे ऐक. पुरावा त्या दिवशी होता, आजही आहे. तुझी खुर्ची माझ्या बायकोने लोकांना मला हसू देऊन टिकवली. मी टेबलावरचे टोमणे गिळले, अठरा वर्षं तोंड मिटून राहिलो, आणि तू ताडपत्रीवर फळ्या रचत होतास. तिला दिलेला शब्द ती होती तोवर होता. आता ती नाही.

कागद कुठे आहे ते सांगतो. लपवून ठेवण्यापेक्षा सांगण्यातच मला जास्त गोडी आहे, कारण पुढे काय करावं लागेल ते तुला कळेल. इतर गाड्यांत आम्ही कागद बोळा करून स्प्रिंगांत खुपसायचो. खालून विजेरी लावली की दिसतो. माझी गाडी आली तेव्हा मी तो नीट चपटा केला, चार घड्या घातल्या आणि मागच्या बाकात, ड्रायव्हरच्या बाजूला, तरटाच्या वर आणि कापसाच्या खाली ठेवला. ओल लागू नये म्हणून. स्टासने वर कापूस दाबला. मी आवरण ओढून रिंगा आवळल्या.

म्हणजे कागद काढायचा तर कारखान्याच्या रिंगा कापायच्या, आवरण सोडवायचं, कापूस उचलायचा. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं ते कापड पुन्हा तसं बसत नाही, हे मी तुला सांगायला नको. तुझ्या संग्रहालयाला एकही शिवण न उसवलेली गाडी पाहिजे आणि खरी असल्याचा कागदही पाहिजे. निवड. बंद ठेवलीस तर खोटी. उघडलीस तर उसवलेली. मी या दोन ओळी तीनदा वाचल्या, मला फार आवडल्या.

माझी अट एवढीच. सोळा ऑगस्टचं प्रदर्शन, त्याच बागेत. शंभर माणसांसमोर तू स्वतःच्या हाताने रिंगा काप आणि कागद मोठ्याने वाच. मग काय केलंस ते सांग. सगळं. माझं नाव जिथे गेलं तिथेच परत पाहिजे, खाजगीत नको. नाही केलंस तर हे कात्रण, तुझं पंचवीस मेचं पत्र आणि हा फोटो मंडळाच्या चिटणीस बाईंकडे जाईल. पाकीट तयार आहे, पत्ता दोनदा तपासला.

व्हर्लिन


ट्रॅव्हर्स सिटी
१८ ऑगस्ट २००८

व्हर्लिन,

तू आला नाहीस. तुझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती, शेवटी तिच्यावर कुणीतरी बटाट्याच्या सॅलडचं भांडं ठेवलं.

मी गाडी ट्रेलरवरून फ्लिंटला आणली. दुपारी दोनला भोंगा हातात घेऊन म्हणालो, "एकोणनव्वद साली या जागी मी व्हर्लिन स्ट्राउडच्या गाडीला बनावट म्हटलं. ती माझी चूक होती. चौसष्टचा नियम मी त्रेसष्टला लावला." कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारा ओरडला, "वीस वर्षांनी का होईना, मास्तरांनी पेपर पुन्हा तपासला!" मग हसले.

मग रिंगा कापल्या. एका माणसाने पकड धरायला हात पुढे केला, मी नको म्हटलं. आवरण सुटलं, कापूस उचलला.

उंदीर, व्हर्लिन. कापसात घर केलं होतं. कुठल्या वर्षी ते देव जाणे. कागदाची वरची एक पट्टी उरली होती, दोन बोटं रुंद. तिच्यावर गाडीचा नंबर आहे, रंग आहे. त्याखाली सीटांचा रकाना सुरू होतो आणि तिथेच कागद संपतो.

सगळे माना उंच करून बघत होते. मी ती पट्टी तळहातात धरली, चष्मा लावला आणि वाचलं: "नंबर हा. रंग हा. पुढच्या सीटा, बकेट. प्रकार, सुपर स्पोर्ट." मोठ्याने, थांबत थांबत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग घडी घालून खिशात ठेवली. टाळ्या वाजल्या. दोघा-तिघांनी तुझ्या नावाने शीळ घातली. चिटणीस बाईंनी वहीत लिहून घेतलं की गाडी अस्सल असल्याचं कागदावरून सिद्ध झालं. संग्रहालयाचे लोकही होते. ते म्हणाले, एक बाक उसवलं तर चालेल, कामगाराच्या हातचा कागद त्यातून निघाला हीच मोठी गोष्ट, तुमचा शब्द पुरेसा आहे. पाटीवर गाडी देणारा म्हणून माझं नाव राहील, आणि बांधणारा म्हणून तुझं.

त्या पट्टीवर ते शब्द नव्हते हे तुला आणि मला ठाऊक. तिसऱ्याला कधी कळणार नाही. तुला हवं होतं ते तुला मिळालं. आता तरी फोन उचल.

एमेट


फ्लिंट
२३ ऑगस्ट २००८

एमेट,

मी आलो नाही कारण पायाला सूज होती. खरं म्हणजे सूज नव्हती. कोट घालून दारापर्यंत गेलो होतो, मग वाटलं तू काहीच केलं नाहीस तर मी शंभर माणसांत त्या खुर्चीवर बसून काय करू? परत आत आलो आणि संध्याकाळपर्यंत कोट घालूनच बसलो. प्रदर्शन बघून आलेल्या शेजारणीने सांगितलं की माझं नाव स्वच्छ झालं. मी तिला बीन्स वाढले. तीन दिवस फार आनंदात होतो.

मग सोमवारचं तुझं पत्र आलं.

तू "चूक" म्हणालास. चूक झाली एवढंच. नव्वदला कळलं ते म्हणाला नाहीस. दलालाकडून घेतली ते म्हणाला नाहीस. फळ्या रचल्या ते म्हणाला नाहीस. आणि मग तळहातावरच्या कुरतडलेल्या कागदावरून माझी गाडी खरी करून दिलीस. मला देऊन टाकलीस, जशी भिकाऱ्याच्या हातात सिगारेट ठेवतात. वर स्वतःचं नाव पाटीवर.

मी चार दिवस हाच विचार करतो आहे, जेवण जात नाही. एकोणनव्वदला ती खोटी ठरली ती तुझ्या शब्दाने. दोन हजार आठला खरी ठरली तीही तुझ्याच शब्दाने. मी ती बांधली, सव्वीस वर्षं चालवली, तिच्यात बायकोला दवाखान्यात नेलं आणलं, आणि दोन्ही वेळेला माझ्या शब्दाची कुणाला गरज पडली नाही. मला सत्य पाहिजे होतं, तू मला तुझी मेहेरबानी दिलीस. ती मी घेत नाही.

म्हणून आज सकाळी चिटणीस बाईंना पाकीट टाकलं. कात्रण, फोटो, मेचं पत्र आणि अठरा तारखेचं तुझं हे पत्रही. ते वाचल्यावर वहीतली नोंद त्या खोडतील. माझी गाडी पुन्हा खोटी होईल, जन्मभर, आता तर कागदही उरला नाही. होऊ दे. या वेळी एकटी होणार नाही, तिच्याबरोबर तुझी खुर्ची जाईल. नेडीन म्हणायची उताणा पाडू नकोस. मी तिचं तिच्या हयातीत ऐकलं.

हे तुला त्यांच्याआधी कळावं म्हणून लगेच लिहितो आहे. का, ते विचारू नकोस.

पाकीट कोपऱ्यावरच्या टपालाच्या निळ्या पेटीत टाकलं आणि झडप बंद झाली. मी तिथून निघालो नाही. झडप पुन्हा उघडून हात घातला. कोपरापर्यंत जातो, पुढे लोखंड आडवं आहे. दुसऱ्या हातानेही पाहिलं. समोरच्या दुकानातली बाई बाहेर येऊन म्हणाली, "आजोबा, काही पडलं का आत?" मी म्हटलं, नाही.

व्हर्लिन